चोवीसचे बत्तीस

१४ मार्च, शनिवार

धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. छकुलीला शाळा आवडते हे वाचून बरं वाटलं. इथे सगळे ठीक आहोत. उन्हं वाढलीत, गच्चीची गळती काढून घेतली, माझा गुडघा आहे तसाच आहे.

अप्पांबद्दल तू विचारलंस. तेही ठीक आहेत. जेवतात, झोपतात.

तू त्यांच्या वाढदिवसाला तो टॅब पाठवलास, त्यात त्यांचंच पक्ष्यांचं पुस्तक घालून. अधू नजरेच्या वाचकांसाठी त्यांनी आपल्या छापखान्यात चोवीस पॉइंटाच्या मोठ्या अक्षरात जुळवलेलं. किती खूश होते ते. खिडकीशी बसले, पान उघडलं, टॅब जवळ नेला, लांब धरला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "छान केलंय त्याने." आणि बंद करून ठेवला.

त्यानंतर त्यांनी वाचणं सोडलं. वर्तमानपत्र बंद करायला लावलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "माझं मोठं अक्षर मलाच दिसेना, आता काय दाखवायचं?" घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागले. आपल्या बापाला भिंत धरून चालताना मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना त्याच पुस्तकाचं एक जुनं प्रूफ निघालं. कसला कागद आहे म्हणून त्यांनी हातात घेतला आणि सरळ वाचायला लागले. "बगळा तासन्‌तास हलत नाही." न अडखळता, खालपर्यंत.

मी टॅब आणला आणि स्क्रीनवरच्या अक्षराला मोजपट्टी लावली. मग तुझी फाइल उघडली. पॉइंटातले चोवीस तू तसेच पिक्सेलमध्ये चोवीस ठेवलेस. बहात्तर पॉइंटांचा इंच, आणि स्क्रीनच्या हिशेबात त्याच इंचाचे शहाण्णव पिक्सेल. चोवीसचे बत्तीस व्हायला हवे होते. अक्षर पाऊणच राहिलं, त्या टॅबवर तर त्याहून बारीक. शिवाय पानाची मांडणी बिघडू नये म्हणून बोटांनी मोठं करायची सोयही तू बंद केलीस.

तुला हे माहीत नव्हतं म्हणू नकोस. हा हिशेब मला तूच शिकवलास, छापखान्यातल्या त्या डुगडुगत्या टेबलावर बसून. फोन केला तर म्हणालास, "ताई, घाईत राहून गेलं. एवढं काय त्यात?"

एवढं काय, ते सांगते. फोनवर सांगितलं नाही, कारण तोंडातून काय निघालं असतं याची मला खात्री नव्हती.

ते प्रूफ सापडायच्या आधीच छापखाना बंद झाला. अप्पांनी छपाईचं यंत्र भंगारवाल्याला दिलं. "न दिसणाऱ्याने यंत्रापाशी जाऊ नये, कुणाचा हात जाईल," म्हणाले. ते नेताना आत खोलीत दार लावून बसले. तू कधीपासून म्हणत होतास, ते धूड काढा, जागा मोकळी करा. झाली जागा मोकळी. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण मला तसं वाटून गेलं, आणि सख्ख्या भावाबद्दल असं वाटायची वेळ तू माझ्यावर आणलीस, त्याचाही राग आहे.

मी फाइल दुरुस्त केली. बत्तीस केले, बोटांनी मोठं करायची सोय सुरू केली आणि टॅब त्यांच्या हातात दिला. दोन पानं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग आधी का दिसत नव्हतं?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी टॅब मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र उगाच दिलं." आणि थोड्या वेळाने, "धाकट्याला कळवू नकोस. त्याला वाईट वाटेल."

म्हणून कळवते आहे. तुला वाईट वाटायलाच हवं.

दुसरा टॅब पाठवू नकोस. ये, त्यांच्या समोर बस आणि काय केलंस ते आपल्या तोंडाने सांग. ते तुला लगेच माफ करतील. माझं मला ठरवू दे.

अजून तरी तुझीच,
ताई