डफाचं आतलं अंग

आबा, तुमाला अक्षर वळखू येत न्हवतं, आन् मी गावच्या शाळंत चौथीपस्तोर गेलेली. म्हणून तर लिहायचं धाडस झालं. तुमाला वाचता आलं असतं तर लिहिलंच नसतं. तुमचा जावई जाऊन तीन वर्सं झाली. कुकू पुसलं तरी माझी जीभ काय पुसली न्हाई, गल्लीतल्या बायका अजून मला बघून वाट बदलतात. पर परवा लातूरला लेकीनं माळा झाडायला काढला, आन् आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तुमचा डफ खाली आला. तवापासून घास गोड लागंना.

आपली गाण्याची पार्टी नवी नवी होती तवाचं बघा. तुमी डफावर, तुमचा जावई तुणतुण्यावर, काका झांजंवर, आन् गायला मी. यष्टीच्या मागच्या शिटावर बसून लोह्याच्या बाजाराला, इस्लापूरच्या जत्रंला, बोलावतील तिथं जायचं. कुटंबी गेलं की आधी तुमचा कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ. डफ फिरवत शेकायचा, गालाला लावून बघायचा, परत शेकायचा. लोकं खोळंबले तरी तुमचं चालूच. मी म्हणायचे, भाकरी भाजून राहिले का डफ? तुमी म्हणायचात, कातडं निजलंय, उठू दे. त्या डफाला हात लावायची कुणाला इजाजत न्हवती, जावयाला तर बिलकूल न्हाई.

लोह्याला मी एक कडवं आधीच उचललं, ताल सुटला. तुमी गाणं थांबवलं आन् भर बाजारात म्हणलात, "ताल काय तुझं सासर हाय का, मनाला येईल तवा निघायला?" लोकं पोट धरून हसले. खरं सांगते, बोलणं भारी होतं, माझ्या तोंडी शोभलं असतं. म्हणूनच लई झोंबलं.

मग जळकोट. भर दुपारचा कार्यक्रम, देवळाम्होरं. तुमी डफ शेकून, लुगड्यात गुंडाळून च्या प्यायला गेलात. मी ओलं फडकं घेऊन डफाच्या आतल्या अंगानं फिरवलं. बाहेरून कोरडं ठक्क. मनात इतकंच, की डफ भद्द वाजंल, तुमी शिव्या घालीत परत जाळ कराल, आन् मी इचारीन, निजलं का हो कातडं? पर कुणा पाव्हण्याला जायची घाई होती, लगेच सुरू करा म्हणले. तुमी डफ गालाला लावता. वरून ऊनऊनच लागला आसंल. थाप मारता. भद्द. परत मारता. भद्द. पुढून एक जण म्हणतो, "म्हाताऱ्याचा हात गेला की रं." लोकं हसतात. तुमी डफाकडं बघितलंच न्हाई आबा. हाताकडं बघितलं.

तिथंच बोलायचं होतं मी. तुमी डफ जावयाच्या मांडीवर ठेवला. दोन गाणी नुसत्या झांजंवर काढली, तवर डफ उन्हात सुकला, आन् तिसऱ्याला त्याच्या हातात खणखणीत वाजला. झालं, तुमची खात्रीच पटली. आन् नवऱ्याचं कवतिक झालेलं मला गोडबी लागलं, ते लपवून काय करू. येताना यष्टीत तुमी हळूच इचारलं, "माय, खरं सांग. हात गेला का माझा?" मी खिडकीबाहेर बघत म्हणलं, "वय झालं की आबा."

त्याच्यामागं तुमी पार्टीसंगं आला न्हाईत. आमी निघालो की पऱ्हाटीच्या काड्यांची मोळी तेवढी बांधून द्यायचात, अन् दारात उभं राहायचात. मरंस्तोवर डफाला शिवला न्हाईत.

काल मी डफ उन्हात ठेवला, गालाला लावून बघितला, आन् एक थाप मारली. अजून बोलतो. तुमचा हात गेला न्हवता आबा. फडकं ओलं होतं.

लेकीच्या हाती लागू नये म्हणून ही चिठ्ठी लुगड्याच्या घडीतच ठेवून राहिले. अजून एक राहिलं. जळकोटला लोकं हसले तवा तुमी वळून माझ्याकडं बघितलं, मी पदर तोंडाला लावला होता. तुमाला वाटलं, पोर रडून राहिली. तुमी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच हात.

रडत न्हवते आबा.