चढावर बोलू नये

आबा, एवढ्या उशिरा लिहितो आहे म्हणून रागावू नका. तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली आणि तुम्हाला मी कधी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हा तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नव्हतं. आज लिहितो आहे तेही मायेनं नाही, वैतागून. तुमची नात मला आज बर्फातल्या टेकडीवर घेऊन गेली होती आणि सगळा वेळ माझ्या तोंडून तुम्हीच बोलत होता.

आम्ही अमेरिकेत आहोत. मिनेसोटा म्हणून भाग आहे, तिथे पोरगी संशोधन करते. उन्हाळ्यात तिचं शिक्षण संपेल, मग ती घरी येईल, असं ठरलेलं होतं. साताऱ्याच्या स्थळाची मंडळी तिच्या होकारासाठी थांबली आहेत. तिनं मात्र मला ऐन थंडीत बोलावून घेतलं. उन्हाळ्यात का नाही बोलावलंस, असं विचारलं तर म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत थांबण्यासारखं नाही ते." काय, ते विचारायचं मी टाळलं. फ्रिजवर चुंबकाखाली इथल्या एका कॉलेजचं पत्र लावलेलं आहे. तुम्ही मला चौथीतून काढलंत. इंग्रजी मी या पोरीच्या पुस्तकांवरून, तिच्या शेजारी बसून, अडखळत शिकलो. त्यामुळे कुणी नोकरीवर बोलावलं आहे एवढं मला वाचता येतं. रोज दूध काढताना ते पत्र दिसतं आणि मी दूध काढून दार लावतो.

आज सकाळी तिनं मला दोन मोजे चढवायला लावले, त्यावर पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्यावर बूट. इथे म्हणे असंच करतात, पाय ओले होत नाहीत. दारापर्यंत गेलो आणि शेगडी बंद आहे का ते बघायला परत आलो. मग किल्लीसाठी. मग पुन्हा दोनदा शेगडीसाठी. "अण्णा, ती विजेची आहे, आणि तुम्ही तीनदा बघितलीत," ती म्हणाली. चौथ्यांदा बघू दिलं नाही. टेकडी तशी केवढीशी! आपल्या घाटापुढे काहीच नाही. पण बर्फात पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत जातं आणि काढताना बूट मागेच राहायला बघतो. शेजारून पोरं प्लॅस्टिकच्या ताटांवर बसून किंचाळत घसरत खाली जात होती. एखादं आपटून मेलं तर, या विचारानंच माझा अर्धा दम गेला.

अर्ध्यावर ती थांबली. "अण्णा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"आधी कान झाक."

"झाकलेत. ऐका ना..."

"चढावर बोलू नये. वर जाऊन डहाळी टाकली की बोल."

माझ्या तोंडून हे निघालं आणि मला तुमच्या डोक्यावरची मिठाची गोणी दिसली. मी तुमच्या मागे चालतो आहे, माझ्या डोक्यावर लहान गाठोडं आहे, आणि तुम्ही एकदाही मागे बघत नाही. मला शाळेत राहायचं होतं. मास्तर म्हणाले होते, याला परीक्षेला बसवा. रात्रभर घोकलेलं वाक्य मी चढावर काढलं आणि तुम्ही ते तिथेच तोडलंत. खिंडीत तुम्ही गोणी उतरवली, घाटाच्या देवाला डहाळी टाकली, तोंड पुसलं आणि म्हणालात, "हं, बोल, काय म्हणत होतास?" मी म्हणालो, "तहान लागली." तुम्ही पाणी दिलंत. संपलं माझं शिक्षण. मास्तर आदल्या संध्याकाळीच दारात येऊन तुमच्याशी बोलून गेले होते, हे आईनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेलो आहे, आबा.

वर पोचलो. ती म्हणाली, "आता?" मी म्हणालो, "डहाळी." सगळं बर्फाखाली. मी उकरत बसलो. मग एका झुडपाची फांदी धरली तर ती ओरडली, "अण्णा! पार्कातली झाडं तोडायची नसतात! आणि इथे कुठला घाटाचा देव?"

"चढ आहे तिथे असतोच."

तिनं कोटाच्या खिशात हात घातला आणि पेन्सिल काढली. "ही घ्या. लाकडाचीच आहे. टाका आणि ऐका."

अर्ध्याहून जास्त शिल्लक असलेली चांगली पेन्सिल! ती बर्फात टाकायची? मी तिला वस्तूंची किंमत, शिक्षणाची किंमत, माझ्या वेळची पाटी, सगळं ऐकवलं. मी का थांबत नाही, ते बोलताना मला कळत होतं. ती ऐकत राहिली. नाक लाल झालेलं, पापण्यांवर पांढरे कण. मग म्हणाली, "तुम्ही ना, अण्णा..." आणि पुढे उतरायला लागली. एकदाही मागे बघितलं नाही. चाल अगदी तुमची.

आता ती स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे. मघाशी दारात येऊन म्हणाली, "उद्या परत टेकडीवर जायचंय. घरातल्या कुंडीतली काडी मी घेऊन येणार आहे, तेव्हा शोधत बसायचं नाही." आणि पेन्सिल मागितली. मी सांगितलं, टेकडीवरच पडली.

पडलेली नाही, आबा. त्याच पेन्सिलीनं हे पत्र लिहितो आहे. घडी करून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवीन, कारण तुमचा पत्ता इथल्या पोस्टालाही माहीत नसणार. पण एक तेवढं सांगा. खिंडीत मला "बोल" म्हणालात तेव्हा मी काय बोलणार ते तुम्हाला ठाऊक होतं ना? मग मी पाणी मागितल्यावर तुम्हाला बरं वाटलं, की वाईट? उद्या ती काडी टाकून बोलेल आणि या वेळी ती पाणी मागणार नाही. उद्या दहाला निघायचं आहे. त्याआधी काहीतरी कळवा. लवकर कळवा.