रेबाचं तळं आणि आमचा गणपती

१६ सप्टें. ६९, मंगळ.
दीड दिवसाचा गणपती रेबाच्या तळ्यात पोचवला. बराकपुरात गंगा आहेच, पण बँकेतून हे घरी येईपर्यंत तिन्हीसांज. शेजारीण म्हणून तिनंच आपण होऊन सांगितलं, "हमारा पुकुर है ना, दीदी." मूर्ती यंदा इथल्या कुंभाराची, वार्निश मारलेली, चकचकीत. बुडायला तयारच नव्हती! समोर बांबूवर खंड्या बसलेला. रेबाचा माछरांगा. रोज सकाळी घाटावर आमचं हेच चालतं, पक्षी एक, नावं दोन.

१७, बुध.
मखर आवरताना मातीचा उंदीर सापडला. वेगळा होता, पोचवायचाच राहिला. हे पोट धरून हसले.

१९, शुक्र.
तळ्यात मासे मेलेत. पांढरी पोटं वर. घारींची चंगळ. रेबा घाटावर नाही. आपल्या मूर्तीच्या रंगानं तर...?
हे : "एवढ्याशा गणपतीनं एवढं तळं? काहीतरीच."

२१, रवि.
खिडकीत दिसली, मला पाहून आत वळली. तीन वर्षांत पहिल्यांदा. भांडली असती तर बरं. या गावात मनातलं बोलायला तिच्याशिवाय मला आहे कोण?

२२, सोम.
खरं काय ते कळलंच पाहिजे. बाजारात गेले. जन्मात पहिल्यांदा मासळीवाल्यासमोर उभी, नाकाला पदर. जिवंत मासा द्या म्हटलं. मिशाळ, काळा, मागुर की काय. लोणच्याच्या बरणीत पाणी, मासा, आणि त्या मातीच्या उंदराची, मूर्तीच्याच रंगाची, शेपूट मोडून टाकली. देवा, क्षमा कर. यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं सोडलंय.

२५, गुरु.
पाण्याला लाल झाक. मासा मजेत. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो, हे नवलच. मासे हवा पितात? तासभर बघत बसले, वरण करपलं. म्हणजे रंगाचा दोष नाही! उद्या बरणी घेऊन तडक रेबाकडे.

२६, शुक्र.
गेले. बरणी पुढे केली, सगळं सांगितलं. तिनं बरणीत डोकावून पाहिलं. "दीदी, ये तो मागुर है. कीचड में भी जीता है." झालं, माझी परीक्षा फुकट. हसू येईल वाटलं तर तिचे डोळे भरलेले. "हमको पूछा क्यों नहीं?"
माशाला विचारलं, तिला नाही. लाज वाटली.
मग तिनं सांगितलं. तिचा दीर तळं बुजवतोय, पलीकडच्या काठानं. पाडलेल्या घराची माती, चुना. त्यानंच मासे गेले. तिलाही गेल्या आठवड्यात गुरुवारी, मातीच्या गाड्या आल्या तेव्हाच कळलं. घर बांधायचंय त्याला. "तुम्हारा गणेश ठाकुर नीचे, ऊपर पक्का मकान. हम किस मुँह से आता?"
मी म्हटलं, माती ती, कधीच विरघळली असेल. पण वार्निश होतं. विरघळली का, कोण जाणे.

२८, रवि.
दोघी घाटावर. खंड्या नाही. उघड्या पडलेल्या चिखलात लांब पायांचा एक करडा पक्षी, याआधी कधी न पाहिलेला. मला नाव येईना, तिलाही येईना. पलीकडच्या काठाला गाडीतून माती ओतल्याचा आवाज. रेबानं माझा हात धरला, तो पक्षी उडाला तरी सोडला नाही.