जिनाच्या भिंतीला लागून

१२ ऑगस्ट १९५६
मागच्या खोलीत पुन्हा साप. आईनं पाहिला. ओरडली नाही, नुसती काठी आपटत बसली. तो आला तसा भेगेतून जिनात परत गेला. भिंत शेठची, भेग आमची.

आमची सगळी ओळच जिनाच्या मागच्या भिंतीला टेकवून बांधलेली. कापसातली सरकी काढायचं हे जिन चालू होतं तेव्हा मजुरांनी भोंगा झाल्याबरोबर कामावर हजर व्हावं म्हणून शेठनं या खोल्या बांधल्या. लढाईच्या दिवसांत जिन बंद पडलं. यंत्रं विकली, पत्रे कुणी कुणी नेले. शेठ अकोल्याला. मागं राहिलं ते आवार, त्यात बाभळी, घाणेरी, पडकं बॉयलरघर आणि बॉयलरसाठी खोदलेली विहीर. आणि आम्ही. बाबा जिनात तोलाईवर होते म्हणून ही खोली. बाबा गेले, मी नवऱ्याचं घर सोडून परत आले, शाळेत लागले. खोली तीच.

१९ ऑगस्ट
दिवाणजी बाभळी मोजायला आला होता. शेठचा इथला सगळा कारभार त्याच्याकडे. म्हटलं, विहिरीवर काहीतरी टाका, एका बाजूचा कठडा खचलाय, वर वेल पसरलेत, जमीन कुठं संपते ते कळत नाही. म्हणाला, शेठले कळवतो. मागच्या पावसाळ्यातही हेच म्हणाला होता.

तिथं जाताच कशाला, असंही म्हणाला. आता याला काय सांगायचं. ओळीच्या पुढून सडक, मागून जिन. बायकांना सकाळी आडोसा कुठं आहे दुसरा? ‘जिनात जाऊन येतो’ म्हटलं की ओळीत सगळ्यांना कळतं. मीही जाते. मास्तरीण आहे म्हणून माझ्यासाठी वेगळी वाट नाही.

शेजारच्या शेवंताची सुंदरा काठी आपटत पुढं चालते, आम्ही मागं.

७ सप्टेंबर
पोळा होऊन गेला. सुंदराची सोयरीक जमली. मुलगा मालेगावकडचा, घरची बैलजोडी. शेवंता साखर घेऊन आली, दारातच बसली, किती वेळ बोलत होती. सुंदरा पाठीमागं उभी. मी विचारलं, पसंत आहे ना गं? लाजली, मग म्हणाली, बाजारात पाह्यलं मी त्याले, हासते चांगला. शेवंतानं तिला चापट मारली.

चांगलं होवो पोरीचं. माझ्यासारखं न होवो, एवढंच.

१३ सप्टेंबर
सुंदरा विहिरीत पडली. जिवंत आहे.

पाऊस नव्हता पण जमीन निसरडी. मी शेवंताबरोबर मागं. सुंदराच्या काठीचा आवाज थांबला. आधी दगड पडल्याचा आवाज, मग पाण्याचा. ती ओरडलीसुद्धा नाही. शेवंता धावली ती सरळ काठाकडंच. मी पदर धरून ओढलं नसतं तर तीही गेली असती.

आत भिंतीला बॉयलरचा जुना लोखंडी नळ आहे, त्याला धरून राहिली होती पोरगी. नागोराव, तिचा बाप, स्वतः दोराला धरून उतरला. वर आणली तेव्हा उजवा पाय भलतीकडंच वळलेला. बैलगाडीनं जऊळक्याला, तिथून आगगाडीनं वाशीमला.

परतताना काठ पाहिला. दगड निखळलेत, खालची माती ताजी, ओली. 

१६ सप्टेंबर
शाळेत चौथीतल्या मुलींनी विचारलं, बाई, सुंदराताईनं उडी मारली का?
कोण म्हणालं?
सगळेच म्हणून राह्यले.

घरी येऊन आईला विचारलं. तिलाही ठाऊक होतं, मला सांगितलं नव्हतं. दिवाणजी पारावर बसला होता. पोरीला लग्न पसंत नसेल, एवढंच म्हणाला. बाकीचं गावानं म्हटलं.

२० सप्टेंबर
वाशीमला जाऊन आले. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. चेहरा एवढासा झालाय. पोलीस जमादार येऊन गेला म्हणे. तिनं खरं ते सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, सगळ्या पोट्ट्या असंच सांगतात.

मला म्हणाली, “मी घसरली बाई. पायाखालचा दगड निंगाला. तुमी तं मांगं होत्या ना?”
होते. मला ऐकू आला तो दगड. जमादारानं मला विचारलंच नाही. 

परतीच्या गाडीत शेवंताशेजारी बसून होते.

२७ सप्टेंबर
नागोरावनं तक्रार दिली होती, विहीर उघडी ठेवणाऱ्यावर. आज दिवाणजी त्याच्याकडे आला. बाजेवर बसला, चहा घेतला. दोन्ही घरांत एकच भिंत, तीही अर्धीच, वर नुसता बांबूचा तट्ट्या. सगळं ऐकू येतं.

अगदी मऊ आवाजात बोलत होता. “नागोराव, चौकशी होईन. चौकशीत पोट्टीनं उडी घेतली असं निंगालं तं? जीव द्याले जानं हा गुन्हा हाये. खटला पोट्टीवर होईन. कोर्टात उभी राहीन ते. पाहा बापा, तुमचं तुमी.”

शेवंता म्हणाली, “तिनं उडी नाई घेतली.”
“मी कोठी म्हन्तो घेतली म्हनून. लोकं म्हन्तेत.”

मग कपबशी खाली ठेवल्याचा आवाज.

२९ सप्टेंबर
तक्रार मागं घेतली. नागोराव संध्याकाळी दारात बसलेला, मला पाहून मान फिरवली. त्याला काय म्हणू? मला पोरगी असती तर मी काय केलं असतं.
दिवाणजीचा मात्र संताप संताप येतो. विहीर शेठची, पडली पोरगी आणि आरोपीही तीच.

६ ऑक्टोबर
मालेगावचे लोक येऊन सोयरीक मोडून गेले. पायाचं कारण सांगितलं असतं तर मी समजले असते. पण मुलाची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, मनात दुसरं कोणी असलं तं आमच्या घरात येऊन इहीर पाहीन हे. शेवंता पाहुण्यांना आणलेलं पाणी घेऊन आत गेली.

सुंदराला अजून सांगितलेलं नाही.

१४ ऑक्टोबर
तालुक्याला अर्ज केला, माझ्या नावानं, माझ्या सहीनं. मी मागं होते, दगड निखळला, पोरगी घसरली. विहीर बुजवा किंवा कठडा बांधा. बाकी काही मागितलं नाही.

आईशी कडाक्याचं भांडण. तुले कोनी इचारलं, म्हणते. खोली शेठची, शाळेची इमारत शेठनं दिलेली, तू कोन्या जोरावर उडून राह्यली? हेडमास्तरांनीही बोलावून समजावलं. चांगले आहेत, भित्रे आहेत. म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते तुम्हीच कशाला म्हणायला हवं?

मग कुणी म्हणायचं? ज्यांनी पाहिलंच नाही त्यांनी?

५ नोव्हेंबर
दिवाळी झाली. राज्य बदललं. कालपरवापर्यंत राजधानी नागपूर होती, आता मुंबई. तालुक्याला जाऊन आले तर कारकून म्हणतो, आता सगळं नव्यानं होईल, थोडं थांबा.

सुंदरा घरी आली. हाड जुळलं, पाय आखूड राहिला. सोयरिकीचं तिला दवाखान्यातच कुणीतरी सांगितलं होतं. अंगणात पणत्या लावत होती, एका हातानं भिंत धरून. मी गेले तर म्हणाली, बाई, तो बी तसंच म्हने का हो? मला माहीत नाही म्हणून सांगितलं. खरंच माहीत नाही.

२२ नोव्हेंबर
तालुक्याचे साहेब आले! अर्ज पोचला तर. मला शाळेतून बोलावणं आलं, धावतच गेले. वाटलं, झालं, आता विहीर मोजतील.

साहेबांनी टेप काढला. पण विहीर नाही मोजली. आमच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत मोजलं, मग खोल्यांपासून बॉयलरघरापर्यंत, मग भिंत आणि खोली यांत किती अंतर आहे ते पाहायला लागले. अंतर कुठलं असणार? टेपचं दुसरं टोक दिवाणजीनं धरलेलं.

साहेब तरुण आहेत, नीट बोलतात. म्हणाले, “इतक्या धोक्याच्या जागेजवळ तुम्हाला राहायला सांगितलं कुणी?”

म्हटलं, साहेब, आम्ही राहायला आलो तेव्हा ती धोक्याची नव्हती. तेव्हा तिथं काम होतं. ती धोक्याची झाली ते आमच्या डोळ्यांदेखत, आणि आम्ही तर जागेवरच आहोत.

हे त्यांनी लिहून घेतलं नाही. सुंदरा दाराशी उभी होती, तिला काही विचारलं नाही. तिच्या पायाकडे एकदा पाहिलं मात्र.

११ डिसेंबर
दुपारी दवंडी पिटली. ओळीतल्या खोल्या राहण्यास धोकादायक, संक्रांतीनंतर रिकाम्या करून द्याव्यात. नाल्यापलीकडे गायरानात जागा दाखवतील. विहिरीबद्दल चकार शब्द नाही. 

माझा अर्ज, माझी सही. त्यातून हे निघालं.

संध्याकाळी शेवंता दारात आली, आत नाही आली. 
“बाई, तुमी कायले बलावलं साहेबाले? आमी तं गप बसलो होतो.”
मी म्हटलं, सुंदरासाठी.
“तिचं तं जाचं ते गेलं. आता घर बी गेलं.”

ती गेल्यावर आई म्हणाली, जेव. जेवले.

१८ डिसेंबर
कुणी बोलत नाही. सकाळी बायका मी जिनातून परत यायची वाट पाहतात, मग निघतात. मी एकटी जाते. ओळीतल्या मुली शाळेला येत नाहीत, सामान आवरायचं आहे म्हणतात. सामान आहे किती त्यांचं.

गायरान पाहून आले. नाल्याला पूर आला की वाट बंद. आडोशाला झुडूपही नाही. हेडमास्तर म्हणतात, तुम्हाला गावात खोली बघून देतो, तुम्ही त्या लोकांबरोबर कशाला जाता? ‘ते लोक’ म्हणाले. मी त्यातली नाही असं त्यांना वाटतं. ओळीलाही आता तसंच वाटतं. म्हणजे मी कुठली?

दिवाणजी भेटला सडकेवर. त्यानं नमस्कार केला. हसला नाही, याचाच राग आला जास्त.

२ जानेवारी १९५७
आज एक पाहिलं. सकाळी जिनात गेले तर बॉयलरघराच्या पडक्या भिंतीपाशी सुंदरा. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं दगड पोटाशी धरलेला. लंगडत विहिरीपर्यंत गेली, काठापासून दूर थांबली आणि फेकला. परत फिरली, दुसरा आणायला.

म्हटलं, हे काय चाललंय? 

म्हणाली, “बुजवून राह्यली.”

म्हटलं, पोरी, आपण तर जाणार इथून. आता इथं पडणार कोण?

थांबली. दम लागला होता तिला. “मी पडली हे कोनी मानत नाई बाई. मंग मी काय करू, दुसरी पडाची वाट पाहू?” एवढं बोलून गेली दगडाकडे.

दिवसभर डोक्यात तेच. सुटीच्या आधी मुलींना पाढे म्हणायला लावले आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

७ जानेवारी
शेवंता पण टाकते आता. तिचं पाहून पलीकडच्या दोघीतिघी. सकाळी जाताना प्रत्येकीच्या हातात दगड. गलका नाही, गाणं नाही, बोलणंसुद्धा नाही. माझ्याशी तर नाहीच. मीही एक उचलला. कुणी नको म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. 

मला यात समाधान वाटायला हवं का? मुळीच वाटत नाही. आम्ही नाल्यापलीकडे जाणार आणि शेठला आवारातली विहीर बुजवून मिळणार, फुकटात. आमच्याच बायकांच्या हातानं. सुंदराला हे बोलले नाही. तिला कळत नसेल असं थोडंच आहे.

१२ जानेवारी
दिवाणजी आला होता, या वेळी सकाळीच. बायकांच्या वेळेला जिनात पाय ठेवला नव्हता आजवर त्यानं, आज ठेवला. फाटकाशी उभा राहून म्हणाला, दगड शेठचे आहेत, हात लावायचा नाही, चोरी होते ती.

सगळ्या जागच्या जागी उभ्या. नागोरावला हाक मारायला कुणी गेलं नाही. सुंदराच्या पोटाशी दगड होता. तो घेऊन ती दोन पावलं त्याच्याकडे गेली. मला वाटलं, आता खाली ठेवते.

“शेठचेच दगड शेठच्याच इहिरीत टाकून राह्यलो,” ती म्हणाली. “घरी कोठी नेले?”

तो काहीतरी म्हणणार होता. शेवंता तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली, मग दुसरी, मग मी. तो गेला. जमादाराला आणायला गेला की नुसताच गेला, ठाऊक नाही. शाळेत माझ्याबद्दल अजून तरी काही निरोप नाही.

त्यानंतर सुंदरानं दगड टाकला. मग आम्ही एकेक. माझी पाळी आली तेव्हा शेवंतानं सरकून जागा दिली.

संक्रांत आली तोंडावर. आईनं भांडी पोत्यात भरायला घेतलीत, कुठं न्यायची ते मला विचारलेलं नाही. गावात की नाल्यापलीकडे. मीही सांगितलेलं नाही.

दगड टाकला की सगळ्या थोडा वेळ कान देऊन थांबतात. आज मीही थांबले. खालून अजून पाण्याचाच आवाज येतो.