आबांचा बेस

१६ नोव्हेंबर, रविवार
आजपासून काम सुरू. जानेवारीत आबांना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाला भाऊबंद जमतील तेव्हा त्यांना आबांचा आवाज ऐकवायचा. खरा आवाज. दोंडाईच्याच्या मिरची मार्केटात आबा माइक न घेता लिलाव पुकारायचे आणि फाटकाबाहेरच्या चहावाल्याला भाव कळायचा. आता उरलाय तो आईच्या फोनमधला एक व्हॉइस मेसेज. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे जळगावला आली होती, तेव्हा त्यांनी गावाहून पाठवलेला. "ऐक वं. मी जेवनू. कळण्यानी भाकर व्हती. तू डोळाले पानी लावू नको." एवढंच.

आई रोज सांजेला दिवा लावते आणि फोन कानाला लावून तो ऐकते. मला बघवत नाही. एवढा भरदार आवाज, आणि त्या चिमुकल्या स्पीकरमधून पाणी घातलेल्या ताकासारखा येतो. बेसच नाही. बेस मी आणणार. टेस्टिंगसाठी आईचा फोन घेतला. दोन दिवसांत परत.

१८ नोव्हेंबर
यूट्यूबवर सगळं शिकलो. थिअरी सोपी आहे. स्पीकर उघडा वाजवला की पुढची हवा मागे पळते आणि बेस मरतो. बंद डब्यात बसवला की हवेला पळायला जागा नाही. जुन्या शोकेसचा प्लाय घरात आहेच. बायको रूपा म्हणाली, ते शोकेस जुनं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
डबा तयार. कोपऱ्यांत फटी राहिल्या, त्या एम-सीलनं बुजवल्या. आईला समोर बसवून आबांना वाजवलं. विचारलं, कसं वाटतं? आई म्हणाली, "बेस शे. आते मना फोन माले दे."

अंगावर काटा आला. आई चौथी शिकलेली, पण कान बघा! डब्यात बेस आहे हे तिनं आपणहून सांगितलं. मला मात्र तो अजून कमी वाटतो. फोन आणखी दोन दिवस ठेवून घेतला.

२४ नोव्हेंबर, सकाळ
रूपानं आनंदावर विरजण घातलं. म्हणे, अहो, 'बेस शे' म्हणजे बरं आहे. आई म्हणाल्या, ठीक आहे, पुरे आता. सगळा जन्म खानदेशात गेला तुमचा आणि एवढं कळू नये? मी म्हटलं, एका शब्दाचे दोन अर्थ असू शकतात. ती म्हणाली, तो मेसेज स्वतःच्या फोनवर घ्या आणि त्यांचा फोन देऊन टाका. फॉरवर्ड केलं की क्वालिटी जाते, हे हिला कोण सांगणार.

३० नोव्हेंबर, रविवार
अखिलकडे गेलो. ॲम्प्लिफायर-स्पीकरचं दुकान, आजोबांपासूनचं. त्याचा सल्ला: आठ इंची स्पीकर काढा, बारा इंची घ्या, डबा मोठा करा, आणि डब्याला भोक पाडून त्यात पाइप बसवा. पाइपची लांबी नेमकी जमली की डब्यातली हवाच सूर धरते. पाइप! मी पाइप कंपनीच्या डिस्पॅचमध्ये कामाला. याला म्हणतात योग.

लांबीचं गणित ॲपवर केलं. ॲपला इंच हवे होते, मी सेंटिमीटर दिले असावेत. पाइप डब्याच्या मागून बाहेर आला. रूपानं विचारलं, नळ कुठे बसवू?

७ डिसेंबर
पाइप कापला. आता आवाज नुसता घुमतोय. डब्यात कापूस भरावा लागतो म्हणे. विकत कशाला आणायचा, आबांची उशी होतीच. उसवली. आबांच्या आवाजाला आबांचाच कापूस. आई दारात उभी राहून बघत होती. नंतर रूपाकडून कळलं, आई ती उशी जवळ घेऊन झोपायची. नवी आणून देईन. फोमची. मानेला चांगली असते.

१५ डिसेंबर
आईनं पुन्हा फोन मागितला. "सांज व्हयनी का माले करमत नही," म्हणाली. म्हटलं, आई, थोडी कळ काढ. आबा समोर बसून बोलतायत असं वाटेल तुला. ती दिवा लावायला उठली. म्हणजे पटलं.

२६ डिसेंबर
अखिल आज म्हणतो, भाऊ, फोनच्या माइकनं खालचा आवाज पकडलाच नसेल, तर डब्यातून येणार कुठून? सगळा माल माझ्या गळ्यात मारून झाल्यावर हे सुचलं. मुळात माणूसच नकारात्मक.

घरी येऊन बेसचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. येतंय. काहीतरी येतंय. खिडकीची काच थरथरली. डोळे मिटले तर थेट आबा. मिटावे मात्र लागतात.

११ जानेवारी, रविवार
वर्षश्राद्ध. जेवणं झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. मी दोन शब्द बोललो. डब्याला हारही घालणार होतो, रूपानं हात धरला.

वाजवलं. आधी गावच्या घरातल्या पंख्याची घरघर. मग हूं, हूंऽ, हूं. कळण्याची भाकर कुणालाच ऐकू आली नाही. मांडणीवरचे दोन पेले खाली आले. आबांबरोबर मार्केटात हयात घालवलेले, त्यांना नावानं हाक मारणारे नवलभाऊ म्हणाले, "चुडामण विहीरमाईन बोली ऱ्हायना का?" सगळे हसले. मीही हसलो. आई उठून आत गेली.

पाहुणे गेल्यावर मी आत गेलो. हॉल लहान पडला, माणसं जास्त होती, असं समजावू लागलो. ती एवढंच म्हणाली, "त्या असा नही बोलेत रे."

बाहेर येऊन डब्यामागे बसलो आणि रडलो. आबा गेल्यापासून पहिल्यांदा. मला त्यांची फार आठवण येते.

१२ जानेवारी
आईला फोन परत दिला. मेसेज जसाच्या तसा आहे, नीट तपासून दिला. कुठे काही बिघडलेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
रूपा म्हणाली, आई फोन ऐकत नाहीत. मी म्हटलं, शक्य नाही, एवढा मागत होती. जाऊन आईला विचारलं. तिनं आधी टाळलं. मग म्हणाली, दोन-तीनदा ऐकला. "पन कानले लावा का तो डब्बाच वाजस रे. त्यासना आवाज आते ध्यानमा येत नही."

मी म्हटलं, चार दिवस नेमानं ऐक, येईल परत. तिनं मान हलवली. माझ्यासाठीच हलवली, मला कळलं.

२ फेब्रुवारी
डबा अखिलला दाखवून काही करता येईल का, असं वर लिहिलं होतं. खोडलं. तिच्याकडे आबा होते. पातळ का होईना, होते. मी दुरुस्त करायला घेतले.

आई सांजेला दिवा लावते, हात जोडते आणि उठते. फोन तिच्या उशाशी असतो. मी तो रोज चार्ज करून ठेवतो.