धुळे ते मार्सेल्स, सहा इंच दोरा

६ मार्च १९१७, धुळे

हेडमास्तरांनी आज फूटपट्टीने पृथ्वी मोजली! भिंतीवरचा नकाशा उतरवून मेजावर पसरला, धुळ्यावर एक टाचणी, फ्रान्सातल्या मार्सेल्स बंदरावर दुसरी, मधे सरळ रेघ — आणि म्हणे, एक्कावन्नशे मैल. बावीस तारखेला कलेक्टरसाहेब शाळेत येणार. लढाईच्या मदतीची सभा आहे. त्यासाठी फलक हवा: आपल्या जिल्ह्यातली माणसं कुठे कुठे आणि किती लांब गेली आहेत. लाल फिती लावून.

मी म्हटलं, सपाट कागदावरचं अंतर खोटं असतं. उत्तरेकडे तो ताणलेला असतो. ग्लोब घ्या, दोन ठिकाणांमधे दोरा ताठ धरा, तीच सर्वांत जवळची वाट. नकाशावर उतरवली तर ती वाकडी दिसेल, वर चढून खाली येईल. यावर हेडमास्तर हसले. सर्वांत जवळची वाट वाकडी कशी असेल म्हणाले. साहेबापुढे वाकड्या रेघा मांडायच्या का? बाकीचे चौघे मास्तरही हसले, आणि ड्रॉइंगमास्तर तर सर्वांत मोठ्याने, कारण त्याची बढती अडली आहे. शिसारी आली. घरी येऊन जेवलो नाही.

७ मार्च

सकाळी शाळेच्या आधी लॉगची कोष्टकं घेऊन बसलो. दोन्हीकडचे अक्षांश, रेखांशांतला फरक, बस्स, एवढंच लागतं. पृथ्वीच्या मध्याशी कोन आला एकसष्ट अंश दोन मिनिटं. अंशाला एकोणसत्तर मैल. चार हजार दोनशे अकरा! मग ग्लोबवर दोरा लावून ताडून पाहिलं. सहा इंच आणि वर तीन अष्टमांश. जुळलं. या गावात मला एवढा एकच आनंद आहे.

कागद हेडमास्तरांच्या मेजावर नेऊन ठेवला. त्यांनी त्यावर पानाचा डबा ठेवला.

९ मार्च

फलकावर ५१०० च लिहिलं. ड्रॉइंगमास्तरचं अक्षर मात्र काय सुरेख!

१३ मार्च

उखर्डूच्या तुकडीच्या कचेरीतून कागद आला. आईला वाचता येत नाही म्हणून पोराने शाळेचाच पत्ता देऊन ठेवला होता.

उखर्डू माझा विद्यार्थी. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकला, मग लष्करात खेचरांच्या तुकडीवर कारकून होऊन फ्रान्सात गेला. बोरपाड्याच्या भिकुबाईचा एकुलता एक. आधीची तीन पोरं दगावली, म्हणून हा जन्मला तसा उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलून आणला. नावही त्यावरूनच ठेवलं. टाकलेलं पोर मरण कशाला नेईल, असा तिचा हिशेब.

कागदात लिहिलं आहे की मार्सेल्सहून इजिप्तकडे निघालेली बोट ११ फेब्रुवारीला बुडाली. चढणाऱ्यांच्या यादीत उखर्डूचं नाव आहे. वाचलेल्यांच्या यादीत नाही. पुढे इंग्रजीत 'मृत समजण्यात यावे'. समजण्यात यावे! जणू व्याकरणाचा नियम सांगताहेत.

आज बाजार. भिकुबाई दर बाजारी आठ मैल चालत येते, लसूण-मिरची विकते आणि जाताना शाळेच्या फाटकाशी उभी राहून पत्र आलं का विचारते. तिला कागद वाचून दाखवला. रडली नाही. बरं म्हणाली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. इतकी शांत कशी, ते मला कळलं नाही.

१४ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दीड वर्षामागे मामलेदार मला बोरपाड्याच्या चावडीवर घेऊन गेले. लष्करभरतीची सभा. लोक फार लांब, फार लांब म्हणून मागे सरत होते, तेव्हा मास्तर, तुम्ही समजावा, असं झालं. मी शाळेचा ग्लोब नेला होता. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन नेला. पुढे बसलेल्या भिकुबाईने विचारलं होतं, "कितलं लांब शे?" मी दोरा लावला, ताणला, दातांनी तोडला आणि तिच्या हातावर ठेवला. वीतभरसुद्धा नाही बाई, म्हटलं. लोक हसले, मोकळे झाले. आठ जण त्या दिवशी नाव देऊन गेले, त्यांत उखर्डू.

त्या वेळी मला भरतीचं काहीच पडलं नव्हतं. नकाशा एक सांगतो, ग्लोब दुसरं सांगतो, आणि हे अख्ख्या तालुक्यात मला एकट्याला ठाऊक आहे — एवढंच मिरवायचं होतं. मामलेदारांनी प्रशस्तिपत्र दिलं. बायकोने चौकट करून दाराशीच लावलं आहे. येता-जाता दिसतं.

२० मार्च

भिकुबाई आली. पदराची गाठ सोडून तो दोरा काढला. अजून आहे! मळून काळा झाला आहे, पण आहे.

मला म्हणाली, "मास्तर, तुमना दोरामा समुद्र कोठे व्हता?"

 तिने त्या दिवशी ग्लोब नीट पाहिला होता. निळं म्हणजे पाणी, असं मीच सांगितलं होतं. माझा दोरा सिंधवरून, बलुचिस्तानवरून, इराणवरून, तुर्कस्थानावरून गेला, सगळा पिवळा-तपकिरी भाग. शेवटी थोडं निळं लागतं ते माझ्या अंगठ्याखाली होतं. तर तिचं म्हणणं असं की उखर्डू मास्तरांनी दाखवलेल्या वाटेने गेला, त्याच वाटेने परत येणार. बोट बुडाली ती दुसऱ्या कुणाची. पायी यायचं म्हणजे वेळ लागणारच.

"मना उखर्डू बोटवर नही. तो जमीनवरथून ग्या," म्हणाली. समजूत मलाच घालत होती!

मी काय बोललो?  घंटा झाली म्हणालो. घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती.

२२ मार्च

कलेक्टरसाहेब आले. फलकापुढे अर्धं मिनिट उभे राहिले. फिती छान आहेत म्हणाले. मग हेडमास्तरांनी हार, अत्तर, लिंबाचं सरबत आणि स्वतः रचलेली इंग्रजी कविता! साहेब गेल्यावर उरलेलं सरबत मास्तरांनी भांडून प्यायलं.  दोन ग्लास मीही प्यायलो.

२३ मार्च

उखर्डूची जुनी पत्रं काढली. पहिल्याच पत्रात आहे: 'बोटीवरच्या साहेबास विचारता मुंबईपासून मार्सेल्स बावन्नशे मैल म्हणाला. गुरुजी, आपण चार हजार दोनशे शिकवले होते. मी त्यास तसे सांगितले. तो हसला.'

म्हणजे हेडमास्तरांचं चुकीचं गणित खऱ्या प्रवासाच्या जवळपास, आणि माझं बरोबर असलेलं गणित कुणाच्या कामाचं नाही. त्या वाटेने कोण जातं? वाटेत वाळवंट, डोंगर आणि निम्म्या मुलखात शत्रू. पक्षीसुद्धा जात नसेल. आणि पोरगं बोटीवर साहेबाशी माझ्या आकड्यासाठी वाद घालत होतं.

३ एप्रिल

रुपचंद भेटायला आला. भिकुबाईचा धाकटा दीर. शेत बळकावायला टपला असेल असं मला आधी वाटलं, कारण मला सगळ्यांबद्दल आधी तेच वाटतं. पण माणूस बिचारा खरंच बेजार आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने त्या दिवशी पाण्याची घागर भरतात. उखर्डूची घागर भरली नाही तर पोर तहानलेलं फिरेल, असं सगळं घर म्हणतं. भिकुबाई म्हणते, जित्या माणसाची घागर भरतात का? एकमेकांशी बोलणं बंद आहे. पोराचे काका शेतातच झोपतात, ती चुलीशी. रुपचंद म्हणाला, ती फक्त तुमचं ऐकेल.

विचार करतो म्हटलं. यात विचार काय करायचा होता?

१० एप्रिल

भिकुबाई फाटकाशी दिसली. मी मागच्या दाराने घरी आलो. थू!

१७ एप्रिल

आज ती फाटकाशी थांबली नाही, सरळ वर्गात आली. पोरं उठून उभी राहिली. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बठ्ठा म्हनतस घागर भर. तुम्ही सांगा, मंग भरसू."

सुटका नव्हती. पोरांना बाहेर काढलं. कपाटातून ग्लोब आणला, वरचा कपडा काढला आणि तिला सगळं सांगितलं. दोरा म्हणजे वाट नव्हे. दोरा म्हणजे नुसतं मोजमाप. माणसं त्यावरून चालत नाहीत. उखर्डू मुंबईला गेला, तिथून बोटीत बसला, हे इथलं निळं सगळं पार केलं, आणि या पुढच्या निळ्यात ती बोट बुडाली. बोटाने दाखवलं. तिने ग्लोबवर हात ठेवला. मग विचारलं, तेव्हा हे का नाही सांगितलं? मी म्हटलं, तुम्ही किती लांब एवढंच विचारलं होतं.

असं उत्तर मी दिलं! मला स्वतःचं तोंड धुवावंसं वाटलं.

ती म्हणाली, बरं. भरते.

मी खरं तेच सांगितलं. एकदाचं सांगून टाकलं. मग इतकी घाण का वाटते आहे?

२४ एप्रिल, आखाजी

बोरपाड्याला जाऊन आलो. बायको म्हणाली, सणाचं दुसऱ्याच्या दारी कशाला? 

गावात झाडाझाडाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी. भिकुबाईच्या घरात मात्र कुणी बोलत नव्हतं. सासऱ्यांची, नवऱ्याची घागर आधीच मांडली होती. तिसरी कोरी, लाल. रुपचंदने पाणी ओतलं. वर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे. घागरीच्या गळ्याला सूत गुंडाळायचं, तेव्हा तिने पदराची गाठ सोडली आणि तो दोरा काढला. गळ्याभोवती धरला. दोन टोकं भेटेनात. निम्म्या गळ्यालाही आला नाही. दुसऱ्यांदा धरून पाहिला.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "जावाना दोरा पुरना नही. येवाना तुम्ही दिनाच नही." यायचा दोरा खरंच दिला नव्हता मी.

रुपचंदने सुताची गुंडी पुढे केली. तिने तो दोरा सुताला गाठ मारून जोडला आणि गुंडाळला. मग उंबऱ्यावर पाणी सोडून नाव घेऊन हाक मारली. उखर्डू, असं एकदाच. मला पुरणपोळी वाढली, आमरस वाढला. खाल्लं. तिथे बसून सगळं खाल्लं.

परत येताना पांझरा नदीत उतरून ओकलो.

२६ एप्रिल

दाराजवळचं प्रशस्तिपत्र काढलं.  भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आहे, तो आणखीच दिसतो.

३० एप्रिल

शाळेला सुट्टी. हेडमास्तरांना रावसाहेब किताब मिळणार अशी वदंता. फलक त्यांनी घरी नेला!

१० मे

शिपाई आत्ता पत्र देऊन गेला. शाळेत पडून होतं म्हणे, दोन दिवस. मार्सेल्सचा शिक्का. अक्षर उखर्डूचं.

जुनं असेल म्हणून तारीख पाहिली. २ एप्रिल. पुन्हा पाहिली. बोट बुडाली ११ फेब्रुवारीला. 'गुरुजी, दोन्हीकडे गालगुंडे झाली म्हणून ऐन वेळी बोटीवर चढू दिले नाही. नाव यादीतच राहिले. इस्पितळात वेगळे ठेवले होते, दुखणे लांबले, पत्र लिहू देत नव्हते. आईस सांगावे, मी ठीक आहे.'

गालगुंड!

भर दुपार आहे. बायको म्हणते, ऊन उतरू द्या. बोरपाडं रस्त्याने आठ मैल. नांगरलेल्या शेतांतून सरळ गेलं तर साडेपाच. निघालो.