बुधवारची ड्यूटी

बाबा,

मी लायब्ररीत चाललेय, सहापर्यंत येते. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

माझ्या उजळणीचं आठवड्याचं वेळापत्रक तुम्ही फ्रिजवर लावलंत, ते पाहिलं. जन्मभर डेपोत ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावल्यात, तो हात काही जात नाही. सोमवारी गणिताची पहिली फेरी, मंगळवारी इतिहास मुक्कामी, आणि चारच्या चहाला तुमचं स्वतःचं नाव. हसू आलं. पण दोनदा नापास झालेल्या मुलीसाठी इतक्या सरळ रेघा कोण मारत बसतं?

बुधवारची दुपार तेवढी 'गाडी दुरुस्तीला' लिहून मोकळी सोडलीत. मला वाटलं, मला सुट्टी दिलीत. मग काल तुमचा चष्मा पुसायला घेतला, तर डबीत दवाखान्याचा कागद निघाला. दर बुधवारी दुपारी तीन वाजता, सोबत कोणीतरी हवं. माझा अभ्यास बुडेल म्हणून बोलला नाहीत ना?

त्या चौकटीत मी भूगोल लिहिलाय. जागा, दवाखान्याचं बाकडं. प्रश्न तुम्ही विचारायचे. ड्यूटी दोघांची लावलीय, बदली मिळणार नाही.